मशीनची सुट्टी

विजेचं बिल आलं तेव्हा नवऱ्यानं ते आधी दिव्याखाली धरलं, मग खिडकीशी नेऊन पाहिलं आणि मग गुपचूप बायकोच्या हातात दिलं. जागा बदलून आकडा कमी होत असता तर आणखी काय हवं होतं! बिल दुपटीच्या वर गेलं होतं. का गेलं होतं ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण तोंडातून कुणी काढत नव्हतं. आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीपाशी, गुडघ्याएवढं एक पांढरं मशीन घरघरत उभं होतं. हवेतला ऑक्सिजन वेचून ते नळीवाटे सासऱ्यांच्या नाकात सोडायचं. आंघोळीपुरतं काढलं तर चालेल, एरवी दिवसरात्र सुरू हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सासरे म्हणजे पीटीचे सर. उभा जन्म शाळेच्या मैदानावर गेलेला. त्यांनी 'सावधान' म्हटलं की मुलं तर मुलं, कुंपणाबाहेरून जाणारा सायकलवालाही क्षणभर बिचकून ताठ व्हायचा. त्याच छातीला आता हवा पुरत नव्हती. चार शब्द बोलले की थांबावं लागे. पण खोड कुठं जाते? घरात प्रत्येकाला त्यांनी एकेक पद देऊन ठेवलं होतं. मुलगा 'राखीव खेळाडू', कारण घरातल्या कुठल्याच भांडणात तो मैदानात उतरायचा नाही. नात 'लेट लतीफ'. आणि सून 'मॉनिटर'. हे नाव तिला असं काही चिकटलं होतं की शेजारीपाजारीही तिला त्याच नावानं हाक मारायचे, तेव्हा आपणही तिला मॉनिटरच म्हणू.

बिलाची बातमी नणंदेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. भावानंच फोनवर सांगितलं असणार. त्याच्या पोटात काही राहत नाही. नणंद मनानं वाईट नव्हती, वडिलांवर तिची माया होती. फक्त प्रत्येक अडचणीवर तिच्याकडं तोडगा तयार असायचा आणि तो आजच्या आज अमलात यायला हवा असायचा. तिनं म्हाताऱ्या माणसांसाठीचं एक निवास पाहून ठेवलं होतं. तिथं भिंतीतूनच ऑक्सिजन येतो, नर्स कायम हजर असते, फिरायला बाग आहे, अर्धा खर्च मी उचलते, असं तिचं म्हणणं. नवरा डगमगला. बिचारा दिवसभर टेम्पो चालवून लोकांची कपाटं जिने चढवायचा. घरी आल्यावर आणखी ओझं उचलायची ताकद त्याच्यात उरायची नाही. अजून दोन-तीन बिलं अशीच आली तर ताई म्हणते तसं करावं लागेल, असं तो जमिनीकडं बघत म्हणाला.

मॉनिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला स्कूटर शिकवली होती ती सासऱ्यांनी. साठी उलटलेली असताना मागची सीट धरून ते आख्खा रस्ता तिच्यामागं धावले होते, आणि ती पडली तेव्हा 'उठा, पुन्हा' एवढंच म्हणाले होते. हिला काहीतरी येऊ शकेल, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी धरून चाललं होतं. म्हाताऱ्यावर तिचा जीव होता. त्या माणसाला आता विजेच्या बिलापायी घराबाहेर काढायचं?

"बाबा कुठंही जाणार नाहीत," ती म्हणाली. "मशीन चालूच राहील. बिल मी खाली आणते. बाकीचं घर अंधारात बसलं तरी बेहत्तर."

नवऱ्यानं मान डोलावली. आणखी एक गोष्ट दोघांनी मिळून ठरवली, की बाबांना यातलं अक्षरही कळू द्यायचं नाही. उगाच मनाला लावून घेतील. ठरवलं चांगल्या मनानंच हो, पण माशी शिंकली ती इथंच.

मॉनिटर एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायची. तिच्या पाठीमागं थंड कपाटांची रांग होती, दारं नसलेली. आतला गारवा दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायांवर सांडत असे आणि मालकाला त्याचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. इतकी वर्षं तिनंही त्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. आता मात्र तो गारवा पाठीला लागला की तिला बिलच आठवायचं. त्या रविवारी तिनं कंबर कसली. सर आंघोळीला गेल्याची संधी साधून फ्रिज सोडून घरातलं एकूण एक बटण बंद केलं आणि जिन्यातल्या मीटरसमोर जाऊन उभी राहिली. मजल्यावरच्या सगळ्या घरांचे मीटर तिथं जाळीमागं ओळीनं लावलेले होते, आणि प्रत्येकात एक लाल ठिपका लुकलुकायचा. घरानं वीज जास्त खाल्ली की ठिपका घाईला यायचा, कमी खाल्ली की डुलक्या काढायचा.

लेकीला घरात उभं करून ती बाहेरून एकेक वस्तू लावायला सांगत होती. गिझर लावला तर ठिपका वेडापिसा झाला. इस्त्रीचीही तीच गत. लेकीनं केस वाळवायचं यंत्र लावलं तेव्हा मॉनिटर बाहेरून अशी काही ओरडली की शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. टीव्ही बंद असतानाही त्याचा डबा गुपचूप वीज खातो हे कळल्यावर तर तिला आपल्या घरात इतकी वर्षं चोर राहत होता असं वाटलं. मग सर आंघोळ करून आले, त्यांचं मशीन सुरू झालं, आणि ठिपका एका लयीत, ना घाई ना ढिलाई, लुकलुकू लागला. ती लय तिनं मनात पक्की बसवून घेतली. हिला हात लावायचा नाही, बाकी कुणाचीही गय करायची नाही.

मग सुरू झालं मॉनिटरचं राज्य. गिझर सकाळी एकदाच, सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकायच्या, मागं राहील त्याला गार पाणी. टीव्ही झोपताना भिंतीतल्या बटणावरून बंद. जुने पिवळे दिवे गेले, त्यांच्या जागी थोडक्यात भागवणारे नवे आले. माणूस नसलेल्या खोलीत दिवा दिसला की तो लावणाऱ्याच्या नावानं शंख. इस्त्री आठवड्यातून एकदाच. नवऱ्यानं चुरगळलेल्या शर्टाबद्दल कुरकुर केली तेव्हा कपाटं काही शर्टाची घडी बघत नाहीत, असं त्याला ऐकून घ्यावं लागलं. लेक तर रडकुंडीला आली. अंग विसळून होतंय न होतंय तोच आई दार ठोठावते म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. सर खुर्चीतून हा सगळा तमाशा बघत गालातल्या गालात हसायचे. काय चाललंय म्हणून त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा घराला जरा शिस्त लावतेय, एवढंच त्यांना सांगण्यात आलं. आता शिस्तीबद्दल पीटीच्या सरांची तक्रार असणार थोडीच!

एका सकाळी मॉनिटर डबे भरण्याच्या गडबडीत होती आणि लेकीनं आपली नुसती एक पँट धुवायच्या मशीनमध्ये टाकून बटण दाबलं. आदल्या दिवशीही तिनं हेच केलं होतं. मॉनिटर तरातरा बाहेर आली.

"मशीन रोज रोज लावायचं आता बंद," ती कडाडली. "एक दिवसाआड लावलं तरी पुष्कळ झालं. त्यानं काही मरत नाही कुणी."

लेकीनं पाय आपटले, खुर्ची सरकवली, बेसिनचा नळ सोडला. त्या गोंधळात मॉनिटर पुढं टॉवेलांबद्दल आणि मशीन अर्धं भरून लावण्याबद्दल बरंच काही बोलत राहिली, पण ऐकायला समोर कुणी नव्हतं. वर्षातून अशी भांडणं किती होतात कोण लक्षात ठेवतो? दुकानात पोचेपर्यंत ती सगळं विसरूनही गेली.

पुढचं बिल आलं आणि नवऱ्यानं ते या वेळी दिव्याखाली नेलं नाही, जागच्या जागी उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. बिल उतरलं होतं. थोडंथोडकं नाही, मॉनिटरनं मनाशी धरलं होतं त्याच्याही खाली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुकानातल्या बायकांना तिनं दारं नसलेल्या कपाटांवरून एक लांबलचक भाषणही दिलं. नवऱ्यानं बहिणीला फोन करून सांगितलं, आता बाबा इथंच राहणार. नणंदेचा विश्वास बसला नाही. बघू अजून एक महिना, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

सर मात्र त्या दिवसांत सुकल्यासारखे दिसत होते. जेवताना हात मध्येच थांबायचा. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं रोज एका दमात सोडवणाऱ्या माणसाचं कोडं आता अर्धंच राहू लागलं होतं. दारापर्यंतची चार पावलंही नकोशी झाली होती. विचारलं तर म्हणायचे, हवा बदललीय. आणि बिल उतरल्याच्या आनंदात मॉनिटरनंही ते खरं मानलं.

मग एक दिवस दुकानात मालाची मोजणी निघाली आणि गल्ल्यावरच्या बायकांना दुपारीच सुट्टी मिळाली. जिना चढता चढता मॉनिटर सवयीनं मीटरपाशी थांबली. शेजाऱ्यांचे ठिपके आपापल्या चालीनं लुकलुकत होते. यांचा ठिपका जवळजवळ झोपलेला. बराच वेळ वाट पाहिली तेव्हा कुठं त्यानं एकदा डोळा उघडला. वा रे मॉनिटर, ती स्वतःशीच म्हणाली, मीटरला कामच ठेवलं नाहीस की! त्याच खुशीत ती दाराकडं वळली आणि दोन पावलांवर थबकली. घरात बाबा आहेत. मशीन चालू असायला हवं. मग ती लय कुठं गेली?

किल्ली कुलपात नीट जाईना. दार उघडलं तर आत घरघर नव्हती. घर इतकं शांत की स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आवाज दारापर्यंत येत होता.

सर खुर्चीत पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. डोळे मिटलेले, ओठ जांभळट. नळीची नीट गुंडाळी करून ती खुंटीला अडकवलेली होती. चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा हात चटकन बटणाकडं गेला, कॉपी करताना सापडलेल्या पोराचा जातो तसा. मॉनिटरनं तो हात बाजूला सारून मशीन सुरू केलं, नळी लावली आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. ओठांवर रंग परत येईपर्यंत ती त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवायला तयार नव्हती. रंग परत आला आणि मग तिला राग आला. हे कधीपासून चाललंय, तिनं विचारलं.

सरांनी थांब अशी खूण केली. श्वास गोळा केला.

"आज सुट्टी होती," ते म्हणाले. "मशीनची. एक दिवसाआड."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच की."

तिला काही उमगेना. मग सरांनी थांबत थांबत, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. त्या सकाळी त्यांनी सगळं ऐकलं होतं. मशीन रोज रोज लावायचं बंद, एक दिवसाआड पुष्कळ झालं, त्यानं काही मरत नाही कुणी. त्याच्या आधी मुलाचं फोनवरचं बोलणंही कानावर पडलं होतं, ते बिल, ते निवास, तो भिंतीतला ऑक्सिजन. लपवायचं म्हणून दार लोटून बोलणारा माणूस नेमका मोठ्यानं बोलतो. तेव्हापासून सगळे घराबाहेर पडले की सर एक दिवसाआड मशीन बंद करत आणि जिन्यात पाऊल वाजलं की सुरू करत. आज डुलकी लागल्यामुळं पाऊल ऐकू आलं नाही, त्यांच्या मते चूक झाली ती एवढीच.

मॉनिटरनं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो बाबा, ते कपड्यांचं मशीन! तुमच्या नातीच्या पँटीबद्दल बोलत होते मी."

सर तिच्याकडं बघतच राहिले. एका पँटीपायी आपण इतके दिवस हवेविना बसलो, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग त्यांना हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला, आणि उबळ थांबेपर्यंत ती त्यांची पाठ चोळत राहिली. तीही हसत होती, आणि हसता हसता तिला रडू कधी कोसळलं ते तिलाही कळलं नाही. घरात यंत्रं दोन, दोघांना नाव एक, आणि एवढ्या दिवसांत दुसऱ्याला वेगळं नाव ठेवायचं सुचू नये? ज्याला त्याला पदव्या वाटणाऱ्या सरांच्या घरात?

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ही. मी तुमच्याबद्दल असं बोलेन असं वाटलंच कसं तुम्हाला, तिनं विचारलं. ऐकून माझा राग नाही आला?

"राग कशाला? मला पटलं होतं ते," सर म्हणाले. नळीतली हवा ओढून घेतली, आणि मग पुढं बोलले. "तिथं हवा भरपूर असेल गं. पण मला इथं राहायचंय. इथं थोडी कमी पडली तरी... भागवून घेऊ म्हटलं."

ज्या म्हाताऱ्याला घरात ठेवायला ती दिवसभर बटणं बंद करत फिरत होती, तोच म्हातारा घरात राहता यावं म्हणून आपलं बटण बंद करून बसत होता. आणि ज्या बिलावर ती मिरवली होती त्यातला मोठा वाटा तिनं वाचवलेला नव्हताच. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. जाळीमागच्या ठिपक्याकडं रोज बघितलं, आणि घरातल्या माणसाच्या ओठांकडं बघितलं नाही.

डॉक्टर येऊन तपासून गेले. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं, पुन्हा असं झालं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं त्यांनी सगळ्यांना समोर उभं करून सुनावलं. दुसऱ्या दिवशी नणंद हजर. ती आली ती सगळं ठरवूनच आली होती. वडिलांना एकटं सोडून सगळे बाहेर जातात, ते मशीन बंद करून बसतात आणि कुणाला पत्ताही नसतो, याला काय सांभाळणं म्हणायचं? ती रडत होती आणि बोलत होती, आणि तिचा एकही शब्द खोटा नव्हता. नवरा नेहमीप्रमाणं जमिनीकडं बघत उभा.

मॉनिटरला गप्प राहता आलं असतं. उतरलेलं बिल अजून कपाटावर होतं, त्याच्याकडं बोट दाखवता आलं असतं. ती तसं काही करणार नव्हती.

"ताई, चूक माझी आहे," ती म्हणाली. "ते मागचं बिलही खरं नव्हतं. पुढचं वाढून येईल. पण ज्यांना न्यायचं म्हणताय त्यांना आपल्यापैकी एकानंही अजून विचारलेलं नाही."

खोलीत सगळे सरांकडं वळले. आतापर्यंत ते एखाद्या सामानाबद्दल बोलणं चाललं असावं तसे बाजूला बसून होते. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, आणि मी जाणार नाही, एवढं म्हणून थांबले. पुढचं बोलायला दम पुरेना. नणंद पुन्हा तोंड उघडणार तोच नवऱ्यानं मान वर केली. बाबा इथंच राहतील, तो बहिणीला म्हणाला, आणि त्यांना जपायचं काम आता माझंही आहे. त्याचा आवाज असा काही निघाला की मॉनिटरही चमकली. सरांनी भुवया उंचावून सुनेकडं पाहिलं. राखीव खेळाडू मैदानात उतरला होता.

शेवटी ठरलं ते असं. पुढचं बिल येईपर्यंत मुदत. मशीन एक दिवसही बंद राहायचं नाही, डॉक्टरांनी अधूनमधून येऊन बघायचं, आणि एवढं करूनही बिल त्या पहिल्या भल्यामोठ्या बिलाच्या खाली आलं पाहिजे. नाही आलं, तर नणंद येऊन वडिलांना घेऊन जाईल आणि मॉनिटर आडवी येणार नाही. नणंदेनं जाताना वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण त्यांच्याकडं बघणं टाळलं.

ती गेल्यावर सरांनी आपली अट घातली. यापुढं घरात त्यांच्यापासून काही लपवायचं नाही, आणि या मोहिमेचे कप्तान तेच. मॉनिटरनं लगेच कबूल केलं. मग त्यांनी मशीन बंद असतानाच्या दुपारींमध्ये लागलेला एक शोध सांगितला. घर शांत असलं की स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येतो, आणि तो एकदाही थांबत नाही.

"धावतोय नुसता," ते म्हणाले. "विश्राम म्हणून नाही. असा खेळाडू आजारी असतो."

मॉनिटरला त्या दुपारी दारातूनच ऐकू आलेला आवाज आठवला. तिनं फ्रिज ओढून बाहेर काढला. दाराचं रबर खालून फाटलेलं, आत बर्फाचा हा एवढा थर, पाठ भिंतीला घट्ट चिकटलेली, आणि मागच्या जाळीवर धुळीची गोधडी. दुकानातल्या कपाटांना नावं ठेवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या फ्रिजला धड दार नव्हतं! तिनं बर्फ वितळवला, जाळी झाडली, नवं रबर बसवून घेतलं, फ्रिज भिंतीपासून पुढं सरकवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दुकानातून फोन केला तेव्हा सरांनी फ्रिज थांबल्याची बातमी मुलाचा निकाल सांगावा तशी सांगितली.

तेव्हापासून घराची कवायत खुर्चीतून चालू झाली. आवाज चढवायचा नाही म्हणून सर टाळी वाजवायचे. एक टाळी म्हणजे दिवा, दोन म्हणजे पंखा. आईनं दहादा सांगून न ऐकणारी लेक टाळीसरशी उठून बटण बंद करायची, वर हसायची. धुवायच्या मशीनचं नाव 'धोबी' ठेवण्यात आलं आणि ते फक्त पूर्ण भरल्यावरच लागू लागलं. गिझरचा काटा नवऱ्यानं आपण होऊन खाली आणला. रोज गिझरच्या पाण्यात बादलीभर गार पाणी ओतायचं आणि मग अंगावर घ्यायचं, हे आपण कशासाठी करत होतो ते त्याला सांगता येईना. मॉनिटर मात्र रोज धास्तावलेली असायची. जिना चढताना मीटरपाशी थांबून ती लय ऐकल्यासारखी बघायची, आणि ती तशीच चालू दिसली की मगच किल्ली काढायची. बिल काय येईल ते तिला माहीत नव्हतं. पण ठिपका एकदाही झोपलेला दिसला नाही.

बिल आलं तेव्हा ते नवऱ्याच्याच हातात पडलं. त्यानं उघडून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. वाढलंय, तो म्हणाला. मॉनिटरनं ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. खरंच वाढलं होतं, मागच्यापेक्षा चांगलंच वाढलं होतं. मग तिनं ते पहिलं मोठं बिल शोधून शेजारी ठेवलं. त्याच्या ते खाली होतं, आणि काठावर नाही, स्वच्छ खाली. बिल वाढलं म्हणून कुणाला इतका आनंद झाल्याचं निदान त्या घरात तरी कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याला समजावून सांगताना तिला हसू आवरेना, आणि समजल्यावर तोही दोन्ही कागद हातात धरून खुळ्यासारखा हसत राहिला.

सरांनी आतून टाळी वाजवली. त्यांना कागद दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले, मग हात पुढं करून फोन मागितला आणि तो आपल्या मुलीला लावून द्यायला सुनेला सांगितलं. मशीन शेजारी घरघरत होतं. पलीकडून नणंदेचा आवाज आला तसे सर ताठ बसले.

"ऐक," ते म्हणाले, "बिल मागच्यापेक्षा वाढलंय, कारण या महिन्यात मी मशीनला एक दिवस काय एक तासही सुट्टी दिलेली नाही, आणि तरीसुद्धा ते त्या पहिल्या बिलाच्या खालीच आहे, तेव्हा मी इथंच राहतोय आणि तू आता मला बघायला म्हणून ये, न्यायला म्हणून नको."

पलीकडून नणंदेचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. ती बिलाबद्दल बोलत नव्हती. बाबा, तुम्ही मध्ये कुठं थांबलाच नाहीत, ती म्हणत होती. पुन्हा बोला ना.

सरांनी सुनेकडं पाहिलं, छाती भरून घेतली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.